ग्रुप प्रेझेंटेशननंतर स्वतःची कामगिरी कशी तपासायची

ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांमधून इंटर्नलच्या मार्कांसाठी ग्रुप प्रेझेंटेशन करावं लागतं, आणि बरेच शिक्षक त्यानंतर स्वतःच्या कामगिरीवर पान-दीड पान लिहून आणायला सांगतात. त्यातल्या बहुतेक पानांवर हेच असतं: ‘आम्ही सर्वांनी खूप मेहनत घेतली. सुरुवातीला भीती वाटली, पण नंतर आत्मविश्वास आला. टीमवर्कचं महत्त्व कळलं. पुढच्या वेळी जास्त तयारी करू.’ विषय बँकिंगचा असो की संत साहित्याचा, ग्रुप चौघांचा असो की आठ जणांचा, ही चार वाक्यं कुठेही चिकटवता येतात. लिहिणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही, आणि एक शिक्षिका म्हणून मला त्याचंच वाईट वाटतं. इतक्या तयारीनंतर, इतक्या धडधडीनंतर हाती लागण्यासारखं खूप काही असतं.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. एकट्याचं भाषण असेल तर आपण बोललो कसे, हे पाहायचं. ग्रुपमध्ये त्याहून जास्त महत्त्वाचं असतं ते आपण एकमेकांना जोडले कसे गेलो. आधीच्याचा धागा उचलला का? पुढच्याच्या हाती नीट दिला का? दुसरा अडखळला तेव्हा आपण काय करत होतो? बारा मिनिटांच्या प्रेझेंटेशनमध्ये तुमच्या वाट्याला बोलायला दोन-अडीच मिनिटं येतात. उरलेला सगळा वेळही तुम्ही वर्गासमोरच उभे असता, आणि तीही तुमचीच कामगिरी असते.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. समजा, एस.वाय.च्या पाच जणांच्या ग्रुपला पर्यावरण विषयासाठी ‘ठाणे खाडी आणि फ्लेमिंगो’ हा टॉपिक मिळाला. पहिल्याने खाडीची ओळख करून दिली, दुसरीने पक्ष्यांबद्दल सांगितलं, अभयारण्य तुमच्याकडे होतं, चौथीने खाडीवरचे धोके मांडले आणि पाचव्याने उपाय सांगून शेवट केला. म्हणजे तुम्ही तिसरे.

घरी पोहोचायच्या आत लिहून टाका

पहिलं काम त्याच दिवशी करायचं, शक्यतो घरी जातानाच. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं होतं की पाठ केलेलं सगळ्यात वेगाने विसरतं ते पहिल्या काही तासांत. प्रेझेंटेशनच्या आठवणीचंही असंच होतं, आणि वर ती बदलतेही. मॅडम शेवटी ‘छान’ म्हणाल्या की मधला गोंधळ पुसला जातो. शेवटच्या प्रश्नावर फजिती झाली की आधीची चांगली दहा मिनिटं मातीमोल वाटू लागतात.

ठाण्याहून वाशी किंवा पनवेल लोकल पकडलीत तर ऐरोली-घणसोली येईपर्यंत फोनमधल्या नोट्समध्ये एवढं लिहून होतं. खिडकी मिळाली नाही तर व्हॉइस नोट करा. ग्रुपवरचे मेसेज मात्र त्याआधी वाचू नका, कारण दुसऱ्यांची मतं एकदा डोक्यात शिरली की आपली आठवण त्यांच्या सुरात बोलायला लागते.

काय झालं ते क्रमाने लिहा, विशेषणं टाळून. ‘माझा भाग वाईट झाला’ ही नोंद होत नाही. ‘दुसऱ्या स्लाइडवर हेक्टरचा आकडा आठवेना, मी कागदात पाहिलं, मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली’ ही नोंद झाली. ‘तेव्हा मला लाज वाटली’ हेही लिहायचं, पण वेगळ्या ओळीत. घडलेलं एका बाजूला आणि वाटलेलं दुसऱ्या बाजूला, इतकी साधी विभागणी पुढे फार उपयोगी पडते.

पुरावा गोळा करा

स्मरणशक्तीवर सगळा भार टाकू नका. प्रेझेंटेशन कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं असतं. ते मागून घ्या. रेकॉर्डिंग करायचंच असेल तर आधी शिक्षकांची आणि ग्रुपची परवानगी घ्या, आणि ते बाहेर कुठेही टाकू नका. शिक्षकांनी गुणांचे निकष दिले असतील तर तो कागद शोधा. गुगल स्लाइड्सवर पीपीटी केली असेल तर बदलांचा इतिहास उघडा, कोणी कधी काय बदललं ते तिथे दिसतं. व्हॉट्सॲप ग्रुपवरचं बोलणंही वरपासून एकदा वाचून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘मला कुणी सांगितलंच नाही’ या दोन्ही वाक्यांची खरी तारीख तिथेच सापडते.

व्हिडिओ तीन वेळा पाहा

पहिल्यांदा आवाज बंद करून. कुठे उभे होतात, पडद्याच्या आड येत होतात का, नजर मुलांकडे होती की स्लाइडकडे, हात काय करत होते, हे तेव्हाच दिसतं. दुसऱ्यांदा फोन पालथा ठेवून फक्त ऐका. वेग, ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ किती वेळा आलं, वाक्याचा शेवट ऐकू येतो की गिळला जातो, हे टिपा. तिसऱ्यांदा सगळं एकत्र पाहा आणि त्या दिवशीच्या नोंदीशी ताडून बघा.

स्वतःचा आवाज ऐकून बहुतेकांना कसंसंच होतं. त्यात तुमचा दोष नाही. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांमधून खालचे सूर जास्त पोहोचतात. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसल्याने आवाज पातळ वाटतो. बाकीच्यांना तुमचा आवाज रोज असाच ऐकू येतो, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका.

भीतीबद्दलही एक दिलाशाची गोष्ट आहे. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बोलणाऱ्यांना आपली घबराट जितकी उघडी पडल्यासारखी वाटत होती, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नव्हती. ज्यांना हे आधीच समजावून सांगितलं, त्यांची भाषणंही अधिक चांगली झाली. म्हणून ‘मी खूप थरथरत होते’ असं लिहिण्याआधी व्हिडिओत ती थरथर दिसते का ते बघा. दिसत नसेल तर तेही लिहा. तो तुमच्या कामाचाच शोध आहे.

सांधे तपासा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एक वक्ता थांबतो आणि दुसरा सुरू करतो, तो सांधा. पाच जणांच्या ग्रुपमध्ये असे चार सांधे येतात. त्यातले दोन तुमचे: आधीच्याकडून घेतलेला आणि पुढच्याला दिलेला. प्रत्येक सांध्याच्या आधीचे आणि नंतरचे काही सेकंद पुन्हा पुन्हा पाहा, आणि दोन्ही बाजूंची वाक्यं शब्दशः उतरवून काढा.

आपल्या उदाहरणात समजा दुसरी मुलगी म्हणाली, ‘...आणि चिखलातलं शेवाळ हे त्यांचं मुख्य खाणं आहे, थँक यू.’ त्यावर तुम्ही सुरू केलंत, ‘गुड मॉर्निंग, माझा टॉपिक आहे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य.’ म्हणजे वर्गाने सलग एक प्रेझेंटेशन ऐकलंच नाही, पाच छोटी भाषणं ऐकली. तिथे ‘हा चिखल टिकला तरच हे पक्षी येणार, म्हणून २०१५ साली खाडीचा हा भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला’ असं एक वाक्य आलं असतं तर तिचा भाग तुमच्या भागाचं कारण झाला असता. आता स्वतःला विचारा, ते वाक्य मला का सुचलं नाही? बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं: ती काय बोलणार हे मला माहीतच नव्हतं.

आकड्यांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट दिसतं. तुम्ही सांगितलंत, अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. चौथीने सांगितलं, ठाणे खाडी २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, क्षेत्र ६,५२१ हेक्टर. मागून कुणीतरी विचारलं, ‘नक्की किती?’ आणि पाचही जण एकमेकांकडे बघत राहिले. खरं तर दोन्ही आकडे बरोबर आहेत. अभयारण्य हा गाभा आहे, आणि रामसरच्या हद्दीत त्याच्या भोवतालचा बराच मोठा पट्टाही येतो. दोघांनी आपापला अभ्यास चोख केला होता, पण एकमेकांचा भाग वाचला नव्हता. अशा प्रसंगावर ‘प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही’ एवढंच लिहून मोकळं होऊ नका. चूक प्रश्नाच्या वेळी घडलीच नव्हती. ती चार दिवस आधी, टॉपिक वाटून घेऊन सगळे पांगले तेव्हा घडली होती. माझ्या मते या एका शोधासाठीच हा सगळा खटाटोप करावा.

मग तुमच्या गप्प वेळाकडे वळा. दुसरे बोलत असताना तुम्ही त्यांच्याकडे बघत होतात की आपली चिठ्ठी पाठ करत होतात? शेजारच्याशी कुजबुजत होतात का? स्लाइड पुढे सरकवणं तुमच्याकडे असेल तर ती बोलणाऱ्याच्या वाक्याबरोबर सरकली का? समोर बसलेली मुलं रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांकडे बघत असतात, आणि ग्रुपमधलेच ऐकत नसतील तर त्यांनी तरी का ऐकावं?

आणि कुणी अडलं असेल तर तो क्षण नीट तपासा. चौथी मध्येच गप्प झाली, तेव्हा पुढचा शब्द तुम्हाला ठाऊक होता का? ठाऊक असून हळूच सांगितलात, की मोठ्याने तिचं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकलंत? आधार देणं आणि बोलणं हिसकावून घेणं यांत फरक आहे, आणि व्हिडिओत तिच्या चेहऱ्यावर तो लगेच दिसतो.

तयारीतला स्वतःचा वाटा प्रामाणिकपणे मोजा

‘सगळं मीच केलं’ असं प्रत्येक ग्रुपमध्ये एकाहून जास्त जणांना मनापासून वाटत असतं, आणि ते खोटं बोलत नसतात. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या संशोधकांनी १९७९ साली हेच दाखवलं. नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला, तेव्हा बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्णाच्या पलीकडे गेली. आपण केलेलं काम आपल्याला पटकन आठवतं, दुसऱ्याने रात्री जागून केलेलं दिसतच नाही.

उलट्या बाजूचंही संशोधन आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. दोर ओढणारे वाढत गेले तसा माणशी लागणारा जोर कमी होत गेला. त्याचे निष्कर्ष १९१३ साली छापले गेले. त्यामुळे ‘बाकीचे बघतील’ ही भावना तुमच्याही मनात येऊन गेली असेल तर नवल नाही. ती कधी आली आणि तेव्हा कोणतं काम मागे पडलं, हे शोधा.

यासाठी एक पद्धत वापरा. कागदावर आधी बाकीच्या चौघांची नावं घ्या आणि प्रत्येकाने केलेली कामं आठवून लिहा. प्रिंट काढून आणणं, वर्गाची किल्ली मिळवणं, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन फोटो काढणं, सगळं त्यात घ्या. स्वतःचं नाव शेवटी लिहा. मग हा कागद व्हॉट्सॲप आणि स्लाइड्सच्या इतिहासाशी ताडून पाहा. ज्याच्यापुढे काहीच सुचत नाही त्याने खरंच काही केलं नाही, की त्याला काही दिलंच गेलं नाही, हा प्रश्न टाळू नका. पार्ट-टाइम नोकरी करणाऱ्या किंवा कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्या मुलांना थांबणं शक्य नसताना सगळ्या मीटिंग कॉलेज सुटल्यावर उशिरा ठेवल्या गेल्या, असं बऱ्याचदा निघतं.

ज्यांनी खरोखर जास्त काम केलं, त्यांनीही थांबून पाहावं. इतरांनी केलेल्या स्लाइड न विचारता बदलल्यात का? सगळं शेवटच्या रात्रीपर्यंत आपल्याच लॅपटॉपमध्ये ठेवलंत का? जास्त काम करणं आणि चांगला ग्रुप सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंग्रजीत बोललात तर

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा हा दुखरा भाग असतो, म्हणून थोडं वेगळं लिहिते. ‘माझं इंग्लिश वीक आहे’ या एका वाक्याखाली निरनिराळ्या अडचणी लपतात. कुणी सगळं पाठ केलेलं असतं आणि एक शब्द निसटला की पुढचं सगळं कोसळतं. कुणाला विषयच नीट कळलेला नसतो आणि दोष भाषेवर जातो. कुणाला येत असतं, पण एखाद्या शब्दाच्या उच्चाराला कोणी हसेल अशी धास्ती असते. तुमचं यांतलं नेमकं कुठलं, हे ओळखायला एक चाचणी घ्या: तुमचा भाग आईला किंवा धाकट्या भावाला मराठीत, कागदाविना समजावून सांगा. तिथेही अडलात तर विषय पुन्हा वाचायला हवा. तिथे सुरळीत सांगता आलं तर विषय तुमच्याकडे आहे. मग पुढच्या वेळी पाठांतराऐवजी चार-पाच मुद्द्यांची चिठ्ठी घेऊन इंग्रजीत सराव करा. आत्मपरीक्षणाचा पहिला मसुदाही ज्या भाषेत विचार येतात त्याच भाषेत लिहा. कॉलेजला इंग्रजीत द्यायचा असेल तर नंतर लिहून काढता येईल.

विचारायचं, पण नेमकं

मैत्रिणीला ‘कशी बोलले गं मी?’ विचारलंत तर ‘मस्त!’ एवढंच ऐकायला मिळेल. त्याऐवजी, ‘मी अभयारण्याचं सांगत होते तेव्हा तुझं लक्ष कुठे उडालं?’ किंवा ‘माझ्या भागातलं तुला आज काय आठवतंय?’ असं विचारा. दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. दोन दिवसांनंतर तिला फक्त गुलाबी पक्ष्यांचा फोटो आठवत असेल, तर तुमचा मुद्दा पोहोचला नव्हता.

शिक्षकांकडे जाताना मार्कांचा विषय बाजूला ठेवा. ‘मॅडम, आकड्यांच्या प्रश्नावर आम्ही अडकलो. तिथे मी काय करायला हवं होतं?’ असं विचारणाऱ्या मुलाला बहुतेक शिक्षक थांबून उत्तर देतात. उत्तर ऐकताना खुलासे देत बसू नका, लिहून घ्या.

ग्रुपने एकदा बसायचं

आठवडा उलटायच्या आत अर्धा तास पुरतो. कॅन्टीन चालेल, तलावपाळीचा कट्टा चालेल. अमेरिकी लष्करात सरावानंतर जी बैठक घेतात तिचे चार प्रश्न इथे चपखल बसतात: काय ठरलं होतं, काय घडलं, फरक का पडला, पुढे काय करायचं. मी त्यात एकच नियम जोडते. प्रत्येकाने आधी स्वतःबद्दल बोलायचं, मगच दुसऱ्याबद्दल. ‘तू उशिरा पाठवलंस’ने सुरुवात झाली की अर्धा तास भांडणात जातो. ‘माझी स्लाइड मी आदल्या रात्री दिली, त्यामुळे तुला वाचायला वेळ मिळाला नाही’ने सुरुवात झाली की समोरचाही आपला भाग उघड करतो.

लिहायला बसा

शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली मांडलेलं सहा पायऱ्यांचं चक्र अजूनही अनेक ठिकाणी वापरतात: काय घडलं, काय वाटलं, काय चांगलं-वाईट झालं, ते का झालं, त्यातून काय कळलं, पुढे काय करणार. या पायऱ्या आधाराला ठीक आहेत, पण सगळ्यांना सारखी जागा देऊ नका. ‘काय घडलं’ पाच-सहा ओळींत आटपा. शिक्षक वर्गात होतेच. निम्मं पान ‘का झालं’ला द्या. आणि ‘आम्ही’ जिथे जिथे लिहिलं असेल तिथे थांबून बघा, की तिथे ‘मी’ हवं होतं का.

एक कच्चा परिच्छेद असा असतो: ‘आमच्यात समन्वय कमी पडला. त्यामुळे प्रश्नोत्तरांत अडचण आली.’ तोच असा लिहिता येतो: ‘अभयारण्याचं क्षेत्र मी १,६९० हेक्टर सांगितलं आणि पुढच्या भागात रामसर स्थळाचं ६,५२१ हेक्टर आलं. दोन्हींतला फरक विचारल्यावर मी गप्प राहिलो. चौथ्या भागाची स्लाइड दोन दिवस आधी ग्रुपवर आली होती, पण मी फक्त माझीच पाठ करत होतो. सरावही आम्ही एकत्र केला नाही, आणि तो करूया असं मीही सुचवलं नाही.’ यात स्वतःला झोडपणं नाही, सबबीही नाहीत. जमलेल्या गोष्टीही अशाच नेमकेपणाने लिहा: ‘प्रोजेक्टर बंद पडला तेव्हा मी फळ्यावर खाडीची आकृती काढून बोलणं चालू ठेवलं’ हे सांगायला संकोच कशाला?

सोबत्याबद्दल तक्रार असेल तर माणसाबद्दल न लिहिता कृतीबद्दल लिहा, आणि तिच्यापुढे तुम्ही काय केलंत तेही. कुणी कामच केलं नाही, ही गंभीर बाब असेल तर ती शिक्षकांना वेगळी भेटून सांगा. आत्मपरीक्षणाचं पान त्यासाठी वापरू नका.

शेवटच्या परिच्छेदात पाच-सहा संकल्प लिहू नका. एक किंवा दोन पुरेत, आणि ते दुसऱ्या कुणाला तपासता येतील असे हवेत. ‘आत्मविश्वास वाढवीन’ हे कुणी तपासू शकत नाही. ‘प्रेझेंटेशनच्या तीन दिवस आधी सगळ्यांच्या स्लाइड वाचून प्रत्येक भागावर एक प्रश्न काढीन’ हे तपासता येतं. ‘माझ्या आधीच्या वक्त्याचं शेवटचं वाक्य विचारून घेऊन माझं पहिलं वाक्य त्यावरून बांधीन’ हेही.

सबमिशन झालं की त्या पानाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या सेमिस्टरला नवा ग्रुप पडेल, कदाचित सगळी अनोळखी मुलं असतील. टॉपिक मिळाल्याच्या दिवशी, कामं वाटून घ्यायच्या आधी, तो फोटो उघडा आणि त्यातली एक ओळ नव्या ग्रुपवर टाका: ‘सगळ्यांनी मिळून एकदा पूर्ण सराव करूया, आणि माझ्या भागात मला मध्येच थांबवून प्रश्न विचारा, मी तिथेच अडतो.’